चाकांवरचे घर, हातावरचे पोट

अमेरिकन साहित्यात रस्त्याची पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांतला नायक बहुधा पुरुष असतो, तो बहुधा एकटाच निघतो, आणि हजारो मैल देश पाहून अखेरीस घरी परततो. लघुअनियतकालिकांच्या काळात बीट लेखकांच्या निमित्ताने ह्या परंपरेची आपल्याकडे बरीच चर्चा झाली. प्रस्तुत लेखात मला तिच्या एका वेगळ्या शाखेचा विचार करायचा आहे. जे लोक वाहनातच राहतात, वाहनातूनच कामावर जातात आणि ज्यांना परतायला दुसरे घर नसते, त्यांच्या जगण्याचे चित्रण पुस्तकांनी आणि चित्रपटांनी कसे केले, हा माझा विषय आहे.

त्यासाठी मी पाच कृती निवडल्या आहेत. जॉन स्टाइनबेकचे ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ (१९६२), विल्यम लीस्ट हीट-मूनचे ‘ब्ल्यू हायवेज’ (१९८२) आणि जेसिका ब्रूडरचे ‘नोमॅडलँड’ (२०१७) ही तीन पुस्तके. अल्बर्ट ब्रूक्सचा ‘लॉस्ट इन अमेरिका’ (१९८५) आणि क्लोई झाओचा ‘नोमॅडलँड’ (२०२०) हे दोन चित्रपट. प्रत्येक कृतीला मी दोन साधे प्रश्न विचारणार आहे. पाणी कुठून आणले आणि कुठे टाकले? पैसे कुठून आले? हे प्रश्न कोणाला साहित्यबाह्य वाटतील. परंतु चाकांवरच्या घरात दिवसाचा मोठा भाग ह्याच दोन गोष्टींत जातो, आणि त्या वगळल्या की उरते ते निसर्गवर्णन.

बिऱ्हाडाचे यंत्र

आधी हे घर कसे चालते ते पाहू. अमेरिकेत ज्याला आरव्ही म्हणतात त्यात मोटारहोम, मोटारीमागे ओढायचे ट्रेलर, ट्रकवर बसवलेली खोली आणि आतून बदलून घेतलेली साधी व्हॅन हे सगळेच येते. मोठ्या आरव्हीत तीन टाक्या असतात. एक पिण्या-वापरण्याच्या पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची आणि तिसरी मैलापाण्याची. पहिली भरण्यासाठी आणि दुसऱ्या दोन रिकाम्या करण्यासाठी ठरावीक दिवसांनी ठरावीक ठिकाणी जावेच लागते. स्वयंपाक, शीतकपाट आणि उष्णता ह्यांसाठी गॅसची टाकी. दिव्यांसाठी बॅटरी आणि तिला जोडलेली सौरपट्टी. गॅसवरचे शीतकपाट गाडी सपाट उभी नसेल तर नीट चालत नाही, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर पहिले काम चाकांखाली फळ्या सरकवण्याचे. कडाक्याच्या थंडीत नळ्या गोठतात, म्हणून हिवाळ्यात बिऱ्हाड दक्षिणेला न्यायचे.

पश्चिमेकडच्या राज्यांत केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी फुकट राहता येते, पण साधारणपणे १४ दिवसच. नंतर हलावे लागते. ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइट ह्या वाळवंटी गावाबाहेर हंगामी परवान्यावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा संपूर्ण हिवाळा काढता येतो, आणि त्या दिवसांत त्या लहानशा गावाभोवती गाड्यांचे मोठे शहर उभे राहते. मतदान, वाहन परवाना, विमा ह्यांसाठी पत्ता लागतो. तो पुष्कळ जण साउथ डकोटासारख्या राज्यात पत्रे पुढे पाठवणाऱ्या सेवेकडून घेतात. तिथे एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून वाहन परवान्यापुरते रहिवासी होता येते.

२०२० नंतर ह्या जगात लॅपटॉपवर काम करणारी नवी पिढी आली. तिचा मार्ग ठरतो तो इंटरनेट कुठे पोचते ह्यावर. २०२२पासून आरव्हीसाठी उपग्रहावरचे इंटरनेटही मिळू लागले. ह्या पिढीची छायाचित्रे सुंदर असतात. पण सोमवारी सकाळी बैठकीला बसायच्या आधी तिलाही मैलापाण्याची टाकी किती भरली आहे हे पाहावे लागते. ह्या घराचा नियम श्रीमंताला आणि गरिबाला सारखाच आहे. फरक पडतो तो टाकी भरल्यावर कुठे जाता येते ह्यात.

रोसिनांते आणि तिचा मालक

१९६० साली स्टाइनबेक ५८ वर्षांचा होता, प्रसिद्ध होता आणि आपण ज्या देशाविषयी लिहितो तो देश आपल्याला ठाऊक उरलेला नाही ह्या जाणिवेने अस्वस्थ होता. त्याने ट्रकवर बसवलेली खोली बांधून घेतली, डॉन किहोतेच्या घोडीवरून तिला रोसिनांते हे नाव दिले, चार्ली नावाचा कुत्रा बरोबर घेतला आणि सुमारे १० हजार मैलांची फेरी मारली. पुढे एकाच वर्षी, म्हणजे १९६२ साली, पुस्तक आणि नोबेल पारितोषिक दोन्ही आले.

पाण्याच्या प्रश्नाला ह्या पुस्तकाचे उत्तर गमतीचे आहे. स्टाइनबेक झाकणाच्या बादलीत पाणी, साबण आणि कपडे घालतो, ती लवचीक दोरीने खोलीत टांगतो आणि दिवसभर गाडी चालवतो. रस्त्याचे हिसके कपडे धुतात. मला हा तपशील पुस्तकातल्या लांबलचक चिंतनांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो, कारण इथे प्रवास आणि घरकाम एकाच क्रियेत येतात. पैशाच्या प्रश्नाला मात्र उत्तरच नाही. ते द्यायची त्याला गरज नव्हती. मेन राज्यात बटाटे काढायला आलेली कॅनडातली फ्रेंचभाषक कुटुंबे त्याला भेटतात, तो त्यांना आपल्या गाडीत बोलावतो, उंची ब्रँडी पाजतो. प्रसंग हृद्य आहे. पण ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (१९३९) लिहिणारा, मोडक्या ट्रकवर संसार लादून कॅलिफोर्नियाला निघालेल्या जोड कुटुंबाच्या पै-पैचा हिशेब ठेवणारा हाच लेखक आहे, हे आठवले की ह्या पाहुणचारातले अंतर जाणवते. इथे तो यजमान आहे, आणि ज्यांच्या हाताला काम हवे तेच लोक पाहुणे आहेत.

पुढे पत्रकार बिल स्टायगरवॉल्ड ह्यांनी त्या प्रवासाचा मागोवा घेऊन दाखवले की स्टाइनबेकच्या पुष्कळ रात्री हॉटेलांत आणि पत्नीच्या सहवासात गेल्या होत्या. २०१२च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत जे पारिनी ह्यांनीही पुस्तकातला कल्पित भाग मान्य केला. ह्यावरून मोठा वाद झाला. माझ्या दृष्टीने लेखकाने थाप मारली की नाही हा मुद्दा दुय्यम आहे. महत्त्वाचे हे की एवढ्या सुसज्ज गाडीतही माणसाला रोज राहणे जड जाते, आणि नेमकी तीच गोष्ट पुस्तकाने लपवली. ती सांगितली असती तर पुस्तक अधिक खरे झाले असते.

नोकरी गेलेला प्राध्यापक, नोकरी सोडलेला अधिकारी

हीट-मून १९७८च्या वसंतात निघाला तेव्हा त्याची महाविद्यालयातली नोकरी गेली होती आणि पत्नी वेगळी राहत होती. जवळ थोडेसे डॉलर, पेट्रोलसाठी पतपत्रे आणि १९७५ची फोर्ड व्हॅन. नकाशात निळ्या रेषांनी दाखवलेल्या दुय्यम रस्त्यांनी त्याने सुमारे १३ हजार मैलांचे वर्तुळ काढले. त्याची नजर बारीक आहे. भिंतीवर जितकी कॅलेंडरे टांगलेली तितके खानावळीतले जेवण चांगले, हा त्याचा निकष वाचकाच्या कायमचा लक्षात राहतो. ह्या पुस्तकात बेकारी ही प्रवासाचे कारण म्हणून येते. पण ती पहिल्या काही पानांत येते आणि मग मागे पडते. वर्तुळ पूर्ण झाले की पुस्तकही पूर्ण होते. पैसे संपण्याआधी प्रवास संपला म्हणजे प्रवासवर्णन होते. प्रवास संपण्याआधी पैसे संपले तर काय होते, हा प्रश्न त्याने पुढच्यांसाठी ठेवला.

तो प्रश्न विनोदी अंगाने घेतला ‘लॉस्ट इन अमेरिका’ने. जाहिरातक्षेत्रातला एक अधिकारी बढती हुकल्याने संतापून नोकरीवर लाथ मारतो, घर विकून विनेबेगो मोटारहोम घेतो आणि बायकोसह स्वातंत्र्याच्या शोधात निघतो. लास वेगासला बायको सगळी पुंजी जुगारात घालवते. मग ॲरिझोनातल्या एका लहान गावात मोटारहोम उभी करून नवरा शाळेजवळ मुलांना रस्ता ओलांडून देण्याची नोकरी धरतो. ह्या चित्रपटाला आपल्याकडे फारसे कोणी गंभीरपणे घेतलेले नाही, पण माझ्या मते विषयाची खरी कलाटणी इथे आहे. गाडी तीच, माणसे तीच. पाठीशी असलेली पुंजी गेल्याबरोबर स्वातंत्र्याचा अर्थ काही तासांत बदलतो. चित्रपटाचा शेवट मात्र धावपळीने होतो. ती दोघे न्यूयॉर्कला जाऊन जुन्या मालकांपुढे हात जोडतात. त्यांना परत जायला जागा होती, म्हणून हा विनोद राहिला.

ब्रूडरचा हिशेब

२००८च्या मंदीत घरांच्या किमती कोसळल्या, अनेकांची बचत बुडाली, आणि साठीच्या पुढच्या कित्येक अमेरिकनांच्या लक्षात आले की निवृत्तिवेतनात घरभाडे आणि जेवण दोन्ही बसत नाही. त्यांपैकी काहींनी भाडे सोडले. जेसिका ब्रूडर तीन वर्षे ह्या लोकांबरोबर फिरली, त्यासाठी स्वतः व्हॅन घेतली, बीटच्या हंगामात आणि ॲमेझॉनच्या गोदामात थोडे दिवस कामही केले.

तिच्या पुस्तकात वर्षाचे गणित स्पष्ट आहे. उन्हाळ्यात राष्ट्रीय अरण्यातल्या मुक्कामतळावर राखणदारी. ‘राखणदारी’ म्हणजे शौचालये धुणे, शेकोट्यांची राख उपसणे, पैसे गोळा करणे आणि रात्री गोंगाट करणाऱ्यांना समजावणे. ऑक्टोबरच्या सुमारास मिनेसोटा-नॉर्थ डकोटाच्या सीमेवर साखरेच्या बीटचा हंगाम, १२-१२ तासांची पाळी. मग नाताळापर्यंत ॲमेझॉनचे गोदाम. खास आरव्हीत राहणाऱ्यांसाठी तिथे ‘कॅम्परफोर्स’ नावाची भरती चाले. दहा तासांहून मोठ्या पाळीत काही जण सिमेंटच्या फरशीवर १५ मैलांहून अधिक चालत, आणि वेदनाशामक गोळ्या भिंतीवरच्या यंत्रातून फुकट मिळत. ह्या गोळ्यांच्या यंत्रावर ब्रूडर भाष्य करत नाही. ती ते दाखवते आणि पुढे जाते. चांगल्या वृत्तान्तलेखनाची ही खूण आहे.

पुस्तकाचा कणा म्हणजे लिंडा मे ही ६४ वर्षांची स्त्री. ती ताशी साडेनऊ डॉलरांच्याही आत राखणदारी करते, १९७४ साली बनलेल्या, जेमतेम १० फुटी ट्रेलरमध्ये राहते, आणि जुने टायर व डबे वापरून स्वतःचे घर बांधायचे स्वप्न बाळगते. ट्रेलरमध्ये येण्यापूर्वी ती लेकीकडे बैठकीतल्या सोफ्यावर झोपत असे. शेवटी मेक्सिकोच्या सीमेलगत ती वाळवंटातली पाच एकर जमीन घेते. म्हणजे ज्या पुस्तकाचे नावच भटक्यांचा प्रदेश असे आहे, त्याची नायिका स्थिर होण्यासाठी धडपडते. स्टाइनबेक आणि हीट-मूनच्या वर्तुळाला इथे तडा जातो.

उणिवा आहेत. लिंडाच्या स्वप्नाला कथेचा आधारस्तंभ केल्याने पुस्तकाला नको इतका आशेचा सूर लागतो. परंतु एक कठीण प्रश्न ब्रूडर टाळत नाही. ह्या मेळाव्यांत जवळजवळ सगळे गोरेच का? रात्री रस्त्यालगत गाडीत झोपणाऱ्याच्या काचेवर पोलीस टकटक करतात तेव्हा आतला चेहरा कोणत्या वर्णाचा आहे ह्यावर पुढचे बरेच अवलंबून असते. भटकण्याची मोकळीकही सर्वांना सारखी मिळालेली नाही, हे ती नोंदवते.

सोफ्याची खोली झाली

झाओच्या चित्रपटाला २०२०च्या व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह आणि २०२१मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री अशी तीन ऑस्कर मिळाली. लिंडा मे, स्वँकी आणि मेळाव्याचे प्रवर्तक बॉब वेल्स ह्यांनी त्यात स्वतःच्याच भूमिका केल्या आहेत. नायिका फर्न मात्र कल्पित. नेवाडातले एम्पायर हे जिप्समच्या कारखान्याचे गाव. २०११ साली कारखाना बंद झाला आणि गावाचा पिनकोडही रद्द झाला. नवरा आणि गाव दोन्ही गमावलेली फर्न व्हॅनमध्ये राहू लागते.

चित्रपटाने ॲमेझॉनला सौम्य वागणूक दिली, ही टीका पुष्कळांनी केली आणि ती योग्य आहे. काम दिसते ते एकामागून एक येणारी ठिकाणे म्हणून. मजुरीचा हिशेब कथेचा भाग होत नाही. पण माझा आक्षेप त्याहून खोल आहे, आणि तो पटकथेच्या रचनेवर आहे. फर्नला दोनदा घर देऊ केले जाते, एकदा बहिणीकडून आणि एकदा डेव्ह ह्या मित्राकडून. मित्राकडे तिच्यासाठी वेगळी खोली, नीटनेटका पलंग आहे. ती रात्री उठून व्हॅनमध्ये येऊन झोपते. पुस्तकातल्या लिंडाला मिळाला होता सोफा. पटकथेने त्या सोफ्याची खोली केली, आणि एवढ्या एका बदलाने गरज हा स्वभाव झाला. घर परवडत नसलेल्या माणसांच्या कथेत घर नाकारणारी नायिका आली. तिचे दुःख खरे आहे, फ्रान्सिस मॅकडॉरमंडचा अभिनय अस्सल आहे. पण प्रेक्षक बाहेर पडताना घरभाड्याचा विचार करत नाही, वैधव्याचा करतो.

ह्याच न्यायाने चित्रपटाची बाजूही मांडली पाहिजे. पाण्याच्या प्रश्नात तो पुस्तकाच्या पुढे आहे. पोटात कळ येताच फर्न व्हॅनमधल्या बादलीकडे धाव घेते, हे दृश्य झाओ सलग दाखवते. कोणत्या मापाची बादली कोणाच्या गुडघ्यांना सोसेल ह्याचा मेळाव्यात वर्ग भरतो. जास्तीचे चाक न ठेवल्याबद्दल स्वँकी फर्नला फैलावर घेते. वडिलांनी जमवून दिलेल्या बशा फर्न कपाटात जपते आणि त्या फुटतात तेव्हा तुकडे जोडत बसते. रस्त्याच्या कथांतून जो संसार नेहमी हद्दपार होता, तो इथे परत येतो, आणि तो एका स्त्रीच्या हातून येतो हा योगायोग नव्हे. व्हॅन बिघडल्यावर दुरुस्तीचा दोन हजारांवर डॉलरांचा आकडा ऐकून फर्न हादरते. मेकॅनिक गाडी विकायचा सल्ला देतो आणि तिला समजावून सांगावे लागते की हे माझे घर आहे. त्या क्षणी चित्रपटात पाणी आणि पैसा हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. असे क्षण आणखी असते तर!

भटकंती आणि भटके

मराठी वाचकाला ह्या कृती वाचताना एक सोय आहे. फर्न सांगते की ती बेघर नाही, तिच्याकडे फक्त इमारत नाही. इंग्रजीत त्यासाठी दोन जवळचे शब्द आहेत. मराठीत ‘घर’ दोन्हीकडे चालते, पण आपल्याकडे ‘बिऱ्हाड’ आहे: इमारतीला न बांधलेला, उचलून नेता येणारा संसार. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण त्यातूनच आली.

दुसरी सोय अधिक बोचरी आहे. एकाच धातूवरून आपण दोन शब्द बनवले आहेत. ‘भटकंती’ ही सुट्टीत, गडकिल्ल्यांवर, हौसेने केली जाते. ‘भटके’ ही जमातींची शासकीय नोंद आहे. १८७१च्या कायद्याने त्यांतल्या अनेकांना जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि १९५२ साली तो शिक्का कागदावरून निघाला. लक्ष्मण माने ह्यांचे ‘उपरा’ (१९८०) किंवा अशोक पवार ह्यांचे ‘बिराड’ वाचलेला वाचक भटकण्याला आपोआप स्वातंत्र्य म्हणत नाही. गाढवावर संसार लादून गावोगाव टोपल्या विणत फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाची कथा त्याने वाचलेली असते. लिंडा मे आणि ‘उपरा’तले कुटुंब ह्यांना एका मापाने मोजणे चूक ठरेल. इथे जातीने लादलेले भटकेपण आहे, तिथे उतारवयात बाजाराने लादलेले. तिथे विमा आणि मताधिकार शाबूत आहे. परंतु शिकवण एक आहे: कोणी फिरत असेल तर आधी विचारावे की थांबायची सोय त्याला होती का.

दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे बीडसारख्या जिल्ह्यांतून उचल घेतलेल्या जोड्या कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या तळांवर जातात आणि कोप्या उभारतात. साधारण त्याच सुमारास मिनेसोटात म्हातारी माणसे व्हॅन उभी करून बीटच्या ढिगाऱ्यांवर पाळी सुरू करतात. दोन्हीकडे पीक साखरेचे आहे आणि हंगामी हात घर सोडून आलेले आहेत. ह्यापुढे तुलना ताणू नये, पण एवढे दिसले तर अमेरिकन पुस्तक परके वाटत नाही.

एक फरक मात्र समीक्षकाने नोंदवायलाच हवा. मराठीत भटक्यांची कथा भटक्यांनी स्वतः लिहिली आणि तिने आपल्या गद्याची भाषा बदलली. मी निवडलेल्या पाच कृतींपैकी एकही कायम चाकांवर राहणाऱ्याने लिहिलेली नाही. ह्या लोकांचा स्वतःचा आवाज आज प्रामुख्याने मार्गदर्शक पुस्तिकांत आढळतो. बॉब वेल्स ह्यांनी मोटारीत, व्हॅनमध्ये किंवा आरव्हीत कसे राहावे ह्यावर लिहिलेल्या पुस्तिकेच्या शीर्षकातच कर्जातून सुटका, प्रवास आणि खरे स्वातंत्र्य ही तिन्ही आश्वासने ओळीने आली आहेत. कर्ज पहिले, स्वातंत्र्य शेवटी. साहित्याचा अभ्यासक अशी पुस्तिका हातात धरत नाही. मला वाटते, धरायला हवी. तीत सौरपट्टीच्या जोडणीबरोबर एका वर्गाचे आत्मचरित्र विखुरलेले आहे.

ज्यांना ह्या विषयात शिरायचे असेल त्यांनी ब्रूडरचे पुस्तक आधी वाचावे, मग झाओचा चित्रपट पाहावा, आणि स्टाइनबेक सर्वांत शेवटी घ्यावा. त्या क्रमाने वाचल्यास रोसिनांतेमध्ये टांगलेल्या बादलीपाशी वाचक थांबतो आणि ती रिकामी कुठे केली असेल, हे शोधू लागतो.